गुरुवारच्या आत नऊ ओळी

सोमवारी सकाळी साडेआठला लुथरन शाळेत हजेरी झाली तेव्हा बाकांवर सात मुलं होती. पाहिजे होती दहा.

शाळा म्हणजे एकच लांबट खोली. एका भिंतीला फळा, दुसरीला टोप्या आणि छत्र्या अडकवायच्या खुंट्या. मागच्या बाजूला आणखी दोन खोल्या होत्या. त्यात बाई, त्यांचा नवरा आणि सासू राहत. नवरा सुतार. शाळेतले बाक, फळ्याची चौकट, चर्चमधला क्रूस, सगळं त्याच्या हातचं, त्यामुळे गावात त्याला कोणी नावानं हाक मारत नसे, सगळे सुतारच म्हणत. सासूबाईंचा पलंगही त्यानंच केलेला, तोही आतल्या खोलीतच. पुरा झाल्यावर लक्षात आलं की तो दारातून बाहेर निघणार नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे रे. मला तरी कुठं जायचंय?" त्याला आता चार वर्षं झाली होती आणि सासूबाई खरोखरच पलंगावरून उतरत नव्हत्या.

शाळा मंडळाचं पत्र शनिवारी आलं होतं. निरीक्षक गुरुवारी येणार. दहा विद्यार्थी प्रत्यक्ष बाकावर आढळले नाहीत तर शाळा बंद होईल आणि मागच्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्याव्या लागतील. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. सुताराला एकदा वाचून दाखवलं. सासूबाईंना काहीच सांगितलं नाही. पण भिंत पातळ होती.

"तीनच कमी आहेत," सुतार म्हणाला. "तीन पोरं काय, मिळतील कुठूनही."

"कुठून?"

त्यानं दाढी खाजवली. गावात लुथरन घरं चौदा. बाकीच्यांची मुलं मोठ्या रस्त्यावरून बस पकडून दुसऱ्या शाळेत जात. मिळायची म्हणजे ती तीनच मिळायची, जी कमी झाली होती. आणि ती बाईंनी स्वतःच कमी केली होती.

झालं होतं ते असं. दृढीकरण, म्हणजे मुलांना मोठं मानायचा विधी, चौदाव्या वर्षी व्हायचं. मुलं धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीचे सहाही भाग पाठ म्हणून दाखवत, पाळक डोक्यावर हात ठेवत, आणि त्या दिवसापासून मूल चर्चमधल्या पुढच्या लहान बाकावरून उठून मोठ्यांच्या बाकावर बसे. मोठ्यांच्या बाकावर बसलं की शाळा सोडून शेतातल्या ओळीतही उभं राहायचं. असा नियम कोणी केलेला नव्हता, आणि आजवर कोणी मोडलाही नव्हता. या उन्हाळ्यात बाईंनी तीन मुली तेराव्या वर्षीच तयार केल्या. मंडळाच्या सभेत कोणीतरी म्हणालं होतं की इतक्या लहान शाळेत शिकवतात तरी काय. ते बाईंना लागलं. ट्रॅक्टरवाल्याच्या जुळ्या मुली आणि शिलाईवालीची चिमणी, तिघींनी सहाही भाग न अडखळता म्हटले. पाळक खूश झाले. सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सोमवारी तीन जागा रिकाम्या होत्या.

सोमवारी दुपारी एकला शाळा सुटली. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला, सुताराचे जुने बूट घातले आणि त्या शेताकडे निघाल्या. सुतारही मागून निघाला.

पंधरा दिवस पाऊस लागून होता. बटाटा जमिनीत सडायला लागला होता. वास बांधापर्यंत येत होता. ट्रॅक्टर चिखलात बसायचा, म्हणून काढणी हातानं चालली होती. चार दात्यांचा काटा घालायचा, उचकटायचं, वाकायचं, चांगला बटाटा टोपलीत आणि सडका मागे टाकायचा. ट्रॅक्टर बांधावर ताडपत्री पांघरून उभा होता आणि त्याचा मालक ओळीत वाकलेला होता.

"या बाई," तो न उठता म्हणाला. "वाट चुकलात?"

"दादा, मुलींबद्दल बोलायचंय. गुरुवारी एक दिवस शाळेत बसू द्या त्यांना. तिघींना."

"शाळा झाली की त्यांची."

"एकच दिवस."

"तुम्हीच म्हणालात झाली म्हणून. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमची ही तर रडली." त्यानं एक सडका बटाटा चिमटीत धरून बाईंना दाखवला. तो बोटांतच फुटला. "याला सांगा गुरुवारपर्यंत थांब म्हणून."

सुतार म्हणाला, "शाळा बंद पडेल, दादा."

"आणि माझं शेत?" ट्रॅक्टरवाला आता उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं पाठ मागे ताणली. "सुतार, मी काही राक्षस नाही. माझी धाकटी तुमच्याच बाकावर बसते. पण आज हात नाहीत माझ्याकडं. तीन पोरी मिळून दिवसाला नऊ ओळी काढतात. गुरुवार उजाडायच्या आत नऊ ओळी मला काढून द्या आणि पोरी घेऊन जा. संध्याकाळपर्यंत ठेवा, वाटलं तर जेवायला घाला."

"नऊ?" बाई म्हणाल्या.

"आठ सांगितल्या असत्या. पण मग तुम्हीच म्हणाल, गणितात चुकला."

चार ओळी पलीकडे काम करणाऱ्या बायका हसल्या. त्यांत शिलाईवाली होती. ती नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन ट्रॅक्टरवाल्याकडं कामाला येत असे. हसून झाल्यावर ती स्वतःचा काटा घेऊन आली आणि तिनं तो बाईंच्या हातात दिला. "माझा घ्या. हलका आहे. मी चिमणीचा वापरते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी ना नाही हो बाई. पण त्यांनी नको म्हटलं तर मी कशी पाठवू?"

संध्याकाळी अंधारून येईपर्यंत दोघांची मिळून दीड ओळ झाली. बाईंनी याआधी कधी काटा धरलेला नव्हता. तळहातांना फोड आले, त्यातला एक फुटला. जुळ्या बाजूच्याच ओळीत होत्या. त्यांना बाईंशी काय बोलावं ते कळेना. थोरली, म्हणजे बारा मिनिटांनी थोरली, एकदाच म्हणाली, "बाई, पाय मागं ठेवा. काटा पायाच्या पुढं घालायचा."

"बरं," बाई म्हणाल्या.

मंगळवारी पाऊस नव्हता, नुसती ओल होती. सुतार उजाडल्यापासून शेतात होता. बाई एकनंतर आल्या. शिलाईवालीनं कोणी पाहत नसताना त्यांच्या ओळीचं टोक काढून दिलं. दिवसअखेर एकूण साडेचार ओळी झाल्या. रात्रीच्या जेवणाला सुताराला चमचा धरता येईना. बोटं काट्याच्या दांड्याइतकीच वळायची. सासूबाई पलंगावरून पाहत होत्या.

"रंधा धरणारे हात ते," त्या म्हणाल्या. "तुला कोणी सांगितलं शेतात जायला?"

"असंच. मदत."

"हं." त्यांनी उशी नीट केली. "पलंग कापायचा झाला तर पायाकडून काप. डोक्याकडची फळी चांगली आहे."

सुतारानं ताट उचललं आणि तो बाहेर गेला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला काटा त्याच्या बुटातून गेला.

सहावी ओळ चालू होती. जमीन तिथं जास्त चिकट होती. त्यानं जोर लावला, काटा दगडावर घसरला आणि एक दात डाव्या बुटाच्या वरून आत शिरला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मध्ये. तो ओरडला नाही. "अरे," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. ट्रॅक्टरवाल्यानं येऊन काटा सरळ ओढून काढला. बूट काढला तेव्हा रक्त फार नव्हतं. भोक लहान होतं आणि त्याच्या कडेला काळा चिखल होता, सडक्या बटाट्याचा.

"घरी जा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"ओळ अर्धी राहिलीय."

"राहू दे रे बाबा. माझ्या शेतात मरू नकोस, मला वेळ नाही."

शाळेत तेव्हा दुसरी-तिसरीचे पाढे चालू होते. सुतार लंगडत मागच्या दारानं आला, बादलीत पाय घालून बसला आणि वर्ग सुटेपर्यंत त्यानं बाईंना हाक मारली नाही. एकला बाई आत आल्या. त्यांनी पाय पाहिला, मिठाच्या गरम पाण्यानं धुतला, जुन्या चादरीची पट्टी बांधली. मग त्या शेतात गेल्या, कारण साडेतीन ओळी राहिल्या होत्या.

त्या संध्याकाळपर्यंत आणखी दीड ओळ काढून झाली. दोन राहिल्या.

"दोघी घेऊन जा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "चिमणी आणि एक माझी. सात ओळींच्या पोरी होतात तेवढ्या."

"नऊ मुलं नाही चालत, दादा. दहा लागतात."

"मग आमचं-तुमचं सारखंच. मलाही नऊ लागतात."

पाळक सहा वाजता मोटरसायकलवरून आले. त्यांच्याकडं चार गावांच्या मंडळ्या होत्या आणि अंगावर एकच रेनकोट होता. ते शाळेच्या बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, त्यामुळे गुडघे छातीला लागत होते.

"बाई, मला काल रात्री एक आठवलं," ते म्हणाले. "दृढीकरणाचा दाखला. त्याची एक प्रत मंडळाकडं जाते."

"मग?"

"त्यात एक ओळ आहे छापलेली. 'उमेदवाराने शालेय शिक्षण पूर्ण केले आहे.' खाली शिक्षकाची सही."

बाई उभ्याच होत्या. हाताच्या फुटलेल्या फोडावर त्यांनी रुमाल गुंडाळला होता. "ते छापलेलंच होतं," त्या म्हणाल्या. "मी फक्त खाली सही केली."

"तिघींच्या."

"तुम्हीच पुढं केलेत कागद."

"हो. मीच केले." पाळकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कदाचित निरीक्षक पाहणार नाहीत. नुसती डोकी मोजून जातील. बरेचसे तसेच असतात."

"उद्या तुम्ही येणार ना?"

"उद्या अकराला पलीकडच्या गावात प्रेत आहे." ते ओशाळले. "म्हणजे, अंत्यविधी आहे. नाहीतर दोन ओळी मीच काढल्या असत्या."

सुतार आतून म्हणाला, "नको पाळकसाहेब. तुम्ही वाकलात की पाठ धरते. मागे वेदी सरकवताना पाहिलंय."

गुरुवारी सकाळी साडेसहाला सुतारानं पायाची पट्टी घट्ट केली, त्यावर पोत्याचा तुकडा गुंडाळला, कारण बूट चढत नव्हता. काठी एका हातात, काटा दुसऱ्या हातात.

"अहो, नका जाऊ," बाई म्हणाल्या.

"गुडघ्यावर बसून काढतो. हातानं. माती मऊ आहे."

"दोन ओळी? गुडघ्यावर?"

"तू पोरींचं बघ. मी तिथं दिसलो की तो पोरी सोडेल. मला उभं बघून नाही म्हणायचा नाही."

आणि तसंच झालं. ट्रॅक्टरवाल्यानं त्याला बांधावरून येताना पाहिलं, शिवी दिली आणि तिघी मुलींना म्हणाला, "जा. पळा. हात धुवा नीट."

निरीक्षक दहा वाजून वीस मिनिटांनी आले. मध्यम वयाचे, सर्दी झालेले, सभ्य. त्यांनी टोपी खुंटीला लावली, खुंटी हलवून पाहिली. "मजबूत आहे," म्हणाले. मग मोजलं. बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीनं. दहा.

त्यांनी वहीत लिहिलं. बाईंना तो दहाचा आकडा उलटा दिसला.

"प्रश्नोत्तरी कुठवर आली?" निरीक्षकांनी विचारलं.

सर्वांत लहान मुलगी, पहिलीतली, उठली आणि न विचारताच बोबड्या आवाजात देवाच्या दहा आज्ञांतली पहिली आज्ञा म्हणू लागली. निरीक्षक हसले. मग त्यांनी मागच्या बाकाकडं पाहिलं. "तू. आठवी आज्ञा."

थोरली जुळी उभी राहिली. "तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको." आणि तिनं त्याचा अर्थही म्हटला, पूर्ण, एका दमात, हात मागे बांधून.

"छान. फारच छान." निरीक्षकांनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. तिनं हात धुतले होते, पण नखांत काळी माती होती. त्यांनी पिशवीतून एक फाइल काढली. "तुझं दृढीकरण कधी आहे?"

थोरलीनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी खिडकीकडं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं? मग इथं?"

"आज बसलेय."

कोणीतरी खुदकन हसलं. निरीक्षकांनी फाइल उघडली आणि एकामागून एक तीन कागद बाजूला काढले. "बाई, ही तुमची सही आहे ना?"

"आहे."

"शालेय शिक्षण पूर्ण."

"नाही झालेलं, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्याहून मोठा निघाला. "ते छापलेलं असतं. प्रश्नोत्तरी झाली त्यांची. पण गणित राहिलंय. मोठा भागाकार येत नाही त्यांना. खरंच येत नाही. मी कमी पडले शिकवायला. तुम्ही विचारून बघा."

निरीक्षक फळ्याशी गेले. मग खडू घेऊन फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. चार आकडी संख्या, दोन आकडी भाजक. "ये बेटा."

थोरली फळ्याशी गेली. बाईंनी तिच्या पाठीकडं पाहिलं, वेणीकडं, मानेवर वाळलेल्या चिखलाच्या शिंतोड्याकडं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच नव्हता. आणि सांगितलं असतं तरी काय सांगणार? ती फळ्याशी होती, बाई मागे बसल्या होत्या, परके साहेब पाहत होते. एवढंच तिला कळत होतं. तिनं जीभ ओठांत धरली आणि खडू चालवला. बाकी आठ आली. तिनं आठाखाली दोन रेघा ओढल्या, बाईंनी शिकवल्या होत्या तशा, आणि वळून बाईंकडं पाहून हसली.

"येतंय की," निरीक्षक म्हणाले. ते कुत्सितपणे म्हणाले नाहीत. त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

त्यांनी दहाचा आकडा खोडला नाही. त्यापुढं कंसात काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "मी ठरवत नाही, बाई. मंगळवारी बैठक आहे. जे पाहिलं ते मांडेन." दारात टोपी घालताना ते पुन्हा म्हणाले, "शिकवता मात्र चांगलं."

बाईंनी वर्ग सोडला नाही. एकपर्यंत घेतला. थोरलीला आपण काय केलं ते धाकट्या जुळीनं कानात सांगितलं असावं, कारण साडेअकरानंतर ती मान खाली घालून बसली आणि एकदाही वर पाहिलं नाही.

"बाई, मी चुकीचं करायला पाहिजे होतं का?" सुटल्यावर तिनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर होतं ते."

त्या शेतात गेल्या तेव्हा सुतार नवव्या ओळीच्या मध्यावर होता. तो दोन्ही कोपरांवर पुढे सरकत बटाटे उकरत होता. पोत्याचा तुकडा पायावरून सुटून मागे कुठंतरी पडला होता. त्यानं विचारलं, "दहा?"

"दहा," त्या म्हणाल्या. बाकीचं सांगितलं नाही. त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि दोघांनी मिळून ओळ पुरी केली.

शुक्रवारी पाय सुजला. शनिवारी ताप आला. रविवारी उपासनेला सुतार आला नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं. ट्रॅक्टरवाला उपासना संपायच्या आतच उठला आणि मागच्या खोलीत जाऊन पाय पाहून आला. बोटं काळपट झाली होती आणि घोट्यापर्यंत कातडी चकाकत होती.

"मी त्याला जा म्हटलं होतं," तो बाहेर येऊन म्हणाला. "बुधवारी. सगळ्यांसमोर म्हटलं होतं." कोणी त्याला काही विचारलेलं नव्हतं.

त्यानंच ताडपत्री काढली, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, पेंढा पसरला. सुताराला उचलून ठेवताना सासूबाई आतून विचारत होत्या, "कुठं नेताय? ए, कुठं नेताय त्याला?" त्यांच्यापाशी बसायला शिलाईवाली थांबली. हॉस्पिटल सव्वादोन तासांवर होतं. वाटेत सुतार एकदाच बोलला. मंडळाचं काही कळलं का, असं त्यानं विचारलं. मंगळवारी, बाई म्हणाल्या. त्यानं डोळे मिटले.

सोमवारी डॉक्टरांनी दोन बोटं काढली. मंगळवारी दुपारी अडीचला त्यांनी सुताराला पुन्हा ऑपरेशनला आत नेलं. तेवढ्यानं भागलेलं नाही, एवढंच सांगितलं.

पाळक चार वाजून दहा मिनिटांनी आले. बाई कॉरिडॉरमध्ये लाकडी बाकावर बसल्या होत्या. मंडळाच्या कार्यालयातून पाळकांना फोन आला होता. ते बाईंच्या शेजारी बसले.

"बैठक झाली नाही," ते म्हणाले.

"का?"

"सात सभासद आहेत. चार लागतात. तीनच आले."

"तीनच?"

"पावसामुळे," पाळक म्हणाले. "पुढची बैठक पुढच्या महिन्यात, बारा तारखेला."

"तोपर्यंत खोल्या?"

"त्याबद्दल काही बोलले नाहीत."

"आणि वर्ग घ्यायचा की नाही?"

"तेही विचारलं मी. त्याबद्दलही नाही."

बाईंनी मान हलवली. हातांवरचे फोड वाळून कडक झाले होते. त्या अंगठ्यानं ते दाबत राहिल्या. समोरच्या दारावरचा दिवा लागलेला होता. पावणेपाच वाजले तरी डॉक्टर बाहेर आले नव्हते.